कारण आणि कसूर

कार्य दृष्टीस पडले की त्याच्या कारणाचा शोध घ्यावा हा मनुष्यबुद्धीचा धर्मच आहे. परंतु ते कार्य जेव्हा आपल्याच घरात, आपल्या पोटच्या पोराच्या रूपाने समोर उभे राहते, तेव्हा हा शोध फार काळ निर्मळ राहत नाही, आणि हे कशाने झाले असे विचारणारी जीभ त्याच श्वासात हे कोणी केले असेही विचारून जाते. दोन-अडीच वर्षांचे मूल हाकेला मान वळवीत नाही, नजरेला नजर देत नाही, खेळण्यातील गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसते, आलेले चार शब्दही कधीकधी गमावते, आणि पुढे वैद्य त्या अवस्थेला स्वमग्नता असे नाव देतात. अशा घरात कारणाची चौकशी आणि कसुराचा तपास ही दोन निराळी कामे आहेत, याचे भान राखणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. मेंदूतील प्रतिकारक पेशींकडे या अवस्थेचे कारण म्हणून अलीकडे जे बोट दाखविले जाते, त्यामुळे हा जुनाच घोटाळा नव्या वेषात पुन्हा हजर झाला आहे, म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करावा असे वाटते.

आपल्याकडे कसुराच्या तपासाची परंपरा दीर्घ आहे. गर्भिणीचे डोहाळे पुरविले नाहीत तर तिची संतती कुबडी, लंगडी, जड अथवा ठेंगणी निपजते, असे सुश्रुताच्या शारीरस्थानात सांगितले आहे. आणि त्या विधानात निदान एवढा तरी न्याय आहे की ठपका येतो तो डोहाळे न पुरविणाऱ्या घरावर येतो. लोकव्यवहारात मात्र तो ठपका फिरून त्या बिचारीवरच येऊन बसला : तिने ग्रहणात भाजी चिरली, तिन्हीसांजेला नको तिथे पाऊल टाकले, कोणाचा तरी तळतळाट घेतला, आणि यांतले काहीच शाबीत झाले नाही तर पूर्वजन्मीचे पातक होतेच, ज्याला साक्षीदार लागत नाही आणि ज्याची उलटतपासणीही कोणाला करता येत नाही.

हे आपल्याच अज्ञानाचे फळ आहे असे समजून एकट्याने शरमण्याचे कारण नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची बारकाईने केलेली वर्णने प्रसिद्ध करून ही अवस्था वैद्यकाच्या दप्तरात प्रथम स्वतंत्रपणे दाखल केली, तेव्हा ही उणीव जन्मजातच असावी असे त्यांचे म्हणणे होते. पण त्याच निबंधात, या मुलांच्या आईबापांत खरोखर मायाळू माणसे फार थोडी आढळली, अशीही एक नोंद त्यांनी करून ठेवली, आणि मूळ सिद्धांत बाजूला राहून पुढची दोन-तीन दशके त्या नोंदीचाच अंमल चालला. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात या मुलांच्या अंतर्मुख होण्याची तुलना छळछावणीतील कैद्यांच्या अवस्थेशी केली. ते स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छावण्या भोगून आलेले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला एक भयंकर वजन होते, आणि त्या तुलनेत पहारेकऱ्याची जागा कोणाकडे येते हे कोणत्याही आईला समजावून सांगण्याची गरज नव्हती. कर्मविपाकावर ग्रंथ रचणाऱ्या आपल्या एखाद्या जुन्या शास्त्र्यालाही एवढे धाडस झाले नसते. या आरोपाला पहिले भक्कम उत्तर १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने दिले होते, आणि ते देण्याचे निमित्त त्यांच्या घरातच होते, कारण त्यांचा मुलगा स्वमग्न होता. पुढे १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या पाहणीतून आनुवंशिकतेचा भाग स्पष्ट दिसून आला. दरम्यान १९६९ मध्ये अमेरिकेतील पालकांच्या एका सभेत कॅनर यांनी स्वतः उभे राहून आईबापांना निर्दोष ठरवून मोकळे केले. मोकळे करणारा न्यायाधीश आणि मूळ फिर्यादी एकच, असा हा खटला विरळा. तरी तो प्रसंग वाचताना त्या वृद्ध वैद्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आईबाप सुटले, आणि त्यांच्या रिकाम्या जागी आता जी उभी केली जात आहे ती एक पेशी आहे. १९१९ मध्ये माद्रिद येथे पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगवून, थोर सांतियागो रामोन इ काहाल यांनी ‘तिसरा घटक’ एवढ्याच मोघम नावाखाली सोडून दिलेल्या पेशींतून एक स्वतंत्र जात वेगळी काढली, तिला मायक्रोग्लिया हे नाव दिले, आणि ही पेशी मेंदूची मूळ रहिवासी नसून बाहेरून आलेली आहे व दुखापत झाली की मृत द्रव्य गिळून टाकते, असेही सांगून ठेवले. (ज्येष्ठाच्या मताला धक्का देणाऱ्या कनिष्ठाचे सर्वत्र जे होते तेच त्यांचे झाले, प्रथम प्रयोगशाळा सुटली, मग यादवी युद्धाच्या धामधुमीत देश सुटला, आणि १९४५ मध्ये दूर ब्वेनोस आइरेस येथे त्यांचा अंत झाला.) त्यांच्या म्हणण्यातील पहिला भाग २०१० मध्ये उंदरांवरील संशोधनाने पक्का झाला : या पेशींचे पूर्वज गर्भधारणेनंतर अगदी प्रारंभी, गर्भाबाहेरच्या पीतककोशात जन्म घेतात, आणि मेंदू पुरता आकारास येण्यापूर्वीच त्यात शिरून कायमची वस्ती करतात. प्रौढ मेंदूतील सुमारे ५ ते १० टक्के पेशी या जातीच्या असतात.

त्या तिथे काय करतात, याविषयीची समजूत गेल्या वीस वर्षांत पार बदलली. रोग नाही, जखम नाही, अशा वेळी या पेशी स्वस्थ पडून असतात असे पूर्वी मानीत; २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून डोकावणाऱ्यांना असे दिसले की पेशीचे धड जागेवर राहते, पण तिचे तंतू अखंड हालत असतात आणि काही तासांत आपल्या साऱ्या इलाख्यावरून एक गस्त पुरी करतात. २००७ मध्ये आणखी एक गोष्ट उघडकीस आली. शरीरात शिरलेल्या जंतूंवर खूण करून त्यांना भक्षक पेशींच्या हवाली करणारी जी पूरक प्रथिने आहेत, तीच वाढत्या मेंदूत चेतापेशींमधील काही संधींवर, म्हणजे सिनॅप्सवर, आढळली. आणि २०११ मध्ये रोमजवळील मोंतेरोतोंदो येथील प्रयोगशाळेने मायक्रोग्लिया खरोखरच या संधींचे अंश गिळताना आढळल्याचे दाखविले. याचा अर्थ असा की बाल्यात मेंदू गरजेपेक्षा कितीतरी अधिक संधी जोडतो, त्यांतल्या काही अनुभवाने दृढ होतात, काही मोडून टाकाव्या लागतात, आणि या मोडण्याच्या कामात रोगप्रतिकारासाठी तैनात असलेल्या पेशीच हात लावतात. रक्षण आणि रचना ही दोन खाती आपण वेगळी समजत होतो. निसर्गाने त्यांचा कारभार एकाच्याच हाती दिलेला निघाला.

येथून स्वमग्नतेकडे जाणारी वाट मोहक आहे. जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधकांनी २००५ मध्ये ११ मृत स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी करून त्यांत मायक्रोग्लिया चेतवलेल्या अवस्थेत असल्याचे नोंदविले. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील तपासात असे आढळले की कानशिलाच्या बाजूच्या मेंदूखंडात संधींची वस्ती सामान्य मुलांमध्ये बाल्यापासून किशोरवयापर्यंत जवळजवळ निम्म्याने घटते, तर स्वमग्न मुलांमध्ये ती घट १६ टक्क्यांच्या आसपासच राहते. ज्या उंदरांमध्ये मायक्रोग्लिया आणि चेतापेशी यांच्यातील निरोपाची एक वाट जन्मतःच बंद केलेली होती, त्यांच्यात छाटणी अपुरी राहिली आणि आपल्या जातभाईंशी असलेला त्यांचा व्यवहारही बिघडला. एवढा पुरावा हाती आल्यावर वृत्तपत्रांनी फैसला सुनावून टाकला की गुन्हेगार सापडला.

या ठिकाणी मला आपल्या नैयायिकांची आठवण येते. कार्याच्या आधी नियमाने असणे एवढ्यानेच एखादी वस्तू कारण ठरत नाही, असे त्यांनी बजावले. आधी असूनही जिच्यावाचून कार्याचा उलगडा होऊ शकतो तिला त्यांनी अन्यथासिद्ध म्हटले, आणि विश्वनाथ पंचाननांनी तिचे पाच प्रकार सांगितले. घट घडविताना कुंभार असतो, चाक असते, दंड असतो, माती असते; पण माती वाहून आणणारे गाढवही असते, दंडाचा रंगही असतो, आणि कुंभाराचा बाप तर असलाच पाहिजे, कारण त्याच्यावाचून कुंभार कुठला? तरीही गाढव हे घटाचे कारण नव्हे आणि कुंभाराचा बापही नव्हे, असा त्यांचा निर्वाळा आहे. पाठशाळेतील पोरांना हसविणारा हा दृष्टांत वस्तुतः मोठा कठोर आहे. स्वमग्न मेंदूत चेतवलेली मायक्रोग्लिया ही कुंभार आहे, दंड आहे, की गाढव आहे. किंवा घट घडून गेल्यावर गोळा झालेली बघ्यांची गर्दी आहे?

प्रश्न पोकळ नाही, कारण पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. २०११ मध्ये स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतील जनुकांच्या कार्याची जी मोठी तुलना प्रसिद्ध झाली, तिच्यात बिघाडाचे दोन ठळक गट सापडले, एक चेतापेशींच्या संधींचा आणि दुसरा प्रतिकारक पेशींचा; परंतु स्वमग्नतेशी आनुवंशिक संबंध असलेली जनुके पहिल्या गटात एकवटली होती, दुसऱ्यात नव्हती, आणि त्यावरून प्रतिकारक पेशींची ही धावपळ मूळ बिघाडाची प्रतिक्रिया असावी असे अनुमान निघाले. जिवंत माणसांच्या मेंदूची चित्रे घेणाऱ्यांत तर सरळ विसंवाद आहे : २०१३ मध्ये जपानी संशोधकांना या पेशींची खूण समजले जाणारे एक प्रथिन स्वमग्न तरुणांत वाढलेले आढळले, आणि पुढे बॉस्टनमधील पथकाला तेच घटलेले आढळले. चित्र उलट्या दिशेने रंगविणाराही एक प्रयोग आहे. २०२० मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी उंदरांच्या केवळ मायक्रोग्लियामध्ये प्रथिने बनविण्याचा वेग वाढविला. पेशी आकाराने फुगल्या, पण त्यांची हालचाल मंदावली, संधींची छाटणी कमी झाली, आणि स्वमग्नतेशी साम्य असलेले वर्तन उद्भवले, तेही फक्त नरांमध्ये, माद्यांमध्ये नाही. स्वमग्नतेचे निदान मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी अधिक होते हे ज्यांना ठाऊक आहे ते या निष्कर्षापाशी थबकतात. निदान उंदराच्या पुरती या पेशीने येथे कुंभाराची जागा घेतली हे मान्य केले पाहिजे. पण माणसांतील स्वमग्नता ही एक व्याधी नव्हे, शेकडो जनुके आणि गर्भावस्थेतील अनेक प्रसंग यांतून निरनिराळ्या वाटांनी येऊन पोहोचलेल्यांचा तो मेळावा आहे; त्यांतल्या काही वाटांवर ही पेशी कर्ती असेल, काहींवर केवळ सोबतीण असेल.

आणि समजा, उद्या ती कर्ती ठरली, तरी कसूर तिच्याकडे लागतो काय? कसूर व्हावयाला विधी-निषेध कळणारा कोणी असावा लागतो. खुणेवरून गिळणे एवढेच जिला ठाऊक, तिला दोषी म्हणणे म्हणजे पुराला फाशी देणे. अडचण अशी आहे की पेशीला दोष देऊन माणसाचे समाधान होत नाही, आणि तो दोष हळूच पुन्हा माणसाकडे वळतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेला या गोवरासारख्या तापाची मोठी साथ आली. गर्भात असताना तिची बाधा झालेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण पुष्कळच अधिक असल्याचे स्टेला चेस यांनी १९७१ मध्ये दाखविले. त्यानंतर गर्भिणी उंदरांची प्रतिकारशक्ती कृत्रिम रीतीने चेतवून पिलांवर होणारे परिणाम पाहण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. शास्त्रदृष्ट्या हे सर्व मोलाचे आहे. परंतु ताप आलेल्या बाईच्या कानावर ते कसे जाते? तू आजारी पडलीस म्हणून. रुबेलापासून रक्षण करणारी जी लस, तिच्यावरच १९९८ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकातील निबंधाने स्वमग्नतेचा आळ घातला, आणि तो निबंध २०१० मध्ये रद्दबातल होईपर्यंत बारा वर्षे लोटली, हा तर दैवाचा विनोदच म्हणायचा.

या पेशींनी उभा केलेला दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. १८८२ मध्ये मेसिना येथे एल्या मेच्निकॉफ यांनी ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काटा टोचून भक्षक पेशी त्याच्याभोवती कशा जमतात ते पाहिले, तेव्हापासून प्रतिकारशक्तीची कल्पना एखाद्या किल्ल्याच्या बंदोबस्तासारखी रूढ झाली : आत आपण, बाहेर परके. मेच्निकॉफ यांचे स्वतःचे म्हणणे मात्र याहून सूक्ष्म होते, कारण बेडकाच्या पिलाची शेपटी झडताना तिचे स्नायू त्याच पेशी खातात हेही त्यांनी पाहिले होते; शरीराचे आपलेपण आयते मिळत नाही, ते याच पेशींच्या खाण्यातून घडत जाते असा त्यांचा रोख होता. मेंदूत हेच घडत असेल तर, ज्याला मी ‘मी’ म्हणतो, ज्याच्या आवडीनिवडी, भीती, माणसे ओळखण्याची रीत ही माझी म्हणून मिरवितो, तो सारा प्रपंच बाहेरून येऊन वसलेल्या पेशींनी काय ठेवले आणि काय खाल्ले यावर उभा आहे.

आत्मवादी मनुष्याने यामुळे बावरून जाण्याचे काहीच कारण नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राची जी यादी आहे, जिचे ज्ञानेश्वरांनी विस्ताराने विवरण केले, तिच्यात मन, बुद्धी, अहंकार, इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे तर आहेच, पण चेतना आणि धृतीही क्षेत्रातच घातल्या आहेत. क्षेत्रज्ञ त्या सर्वांहून निराळा. मायक्रोग्लियाची सारी उलाढाल क्षेत्राच्या हद्दीत संपते. चार्वाकमताचा कोणी म्हणेल की हद्दीपलीकडे काही नाहीच. तो वाद येथे सोडविण्याची गरज नाही. मला नवल वाटते ते वेदान्त्याचेच. क्षेत्रज्ञ संधींच्या छाटणीने कमी होत नाही आणि तिच्या अभावाने वाढत नाही, असे जर त्याचे मत असेल, तर बोलू न शकणाऱ्या, टाळ्या वाजवीत स्वतःभोवती फिरणाऱ्या त्या मुलाच्या ठायी तो तेवढाच पूर्ण आहे, हे त्याला मुकाट्याने मान्य केले पाहिजे. प्रवचनात तो हे मान्य करतो. त्याच प्रवचनात ते मूल ओरडू लागले की आईला खुणेने बाहेर जायला सांगणाराही पुष्कळदा तोच असतो.

याच्या उलट टोकाचा एक मोह आहे, आणि धार्मिक मनाला तो अधिक गोड लागतो. भागवतातील जडभरत लोकांना मूढ वाटत होता आणि राजा रहूगणाची पालखी वाहताना तो ब्रह्मज्ञानी निघाला. बापाने जड म्हणून शंकराचार्यांपुढे आणलेला मुलगा हस्तामलक झाला. आपल्या ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंचे लहान मुलासारखे, वेड्यासारखे वागणे म्हाइंभटांनी लीळा म्हणून भक्तीने नोंदवून ठेवले. त्या परंपरेने विक्षिप्तांना समाजात जागा दिली हे तिचे पुण्य निश्चित मोठे. पण प्रत्येक मुक्या मुलाला योगी ठरविणे ही त्याला न पाहण्याचीच एक सभ्य तऱ्हा आहे. योग्याला रात्री झोप येत नाही म्हणून कोणी जागत नाही, त्याला अपस्मार झाला तर कोणी औषध शोधत नाही, आणि आपल्यामागे याचे कसे होईल ही चिंता योग्याच्या आईला करावी लागत नाही.

मग ही व्याधी म्हणावी की प्रकृती? अमेरिकेतील जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ मध्ये टोरांटो येथील परिषदेत पालकांना सांगितले की आमच्यासाठी सुतक पाळू नका. जे मूल तुम्हाला हवे होते ते आलेच नाही याचा शोक करायचा तर दूर जाऊन करा, आलेले मूल तुमची वाट पाहत आहे. या म्हणण्यात सत्य आहे. छाटणी किती व्हावी याचे प्रमाण बहुसंख्यांच्या मेंदूवरून काढलेले आहे, आणि बहुसंख्या ही सृष्टीची सनद नव्हे. तथापि स्वतःचे डोके भिंतीवर आपटून घेणाऱ्या मुलाच्या बापाला हे ऐकविताना माझा स्वर खाली येतो. एकाच नावाखाली दोन्ही आहेत. प्रत्येक मुलाचा निवाडा निरनिराळा करावा लागणार, आणि तो करताना त्याच्या सुखदुःखाला पहिला मान द्यावा लागणार.

गुन्हेगाराचे नाव जाहीर झाले की त्याला शासन करून देणारे दलालही बाजारात हजर होतात. मायक्रोग्लियाला शांत करणारे म्हणून मायनोसायक्लिन हे जुने औषध थोड्या स्वमग्न मुलांना देऊन पाहिले, पण त्यांच्या वागण्यात सांगण्याजोगा फरक दिसला नाही. शास्त्रज्ञांनी तसे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, प्रकरण तूर्त तहकूब झाले. मूळपेशींच्या उपचारांची दुकाने मात्र, मेंदूतील दाह विझवितो असे सांगत, आपल्या देशातही जोरात चालली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाला २०२२ मध्ये हा उपचार स्वमग्नतेसाठी करू नये असे स्पष्ट बजावावे लागले. त्या दुकानांच्या पायरीवर पोहोचणारे आईबाप मूर्ख नसतात. कसूर आपल्याकडे आहे असे ज्याच्या मनावर वर्षानुवर्षे ठसविले गेले, तो दंड भरायला उतावीळ झालेला असतो, आणि पावती कोण देतो हे तो पाहत नाही.

म्हणून कर्माच्या सिद्धांताकडे शेवटी पुन्हा यावे लागते, कारण बहुतेक घरांत हा दंड प्रथम त्याच्याच नावाने आकारला जातो. त्या सिद्धांताचा पाया असा की केलेले कर्म फळ दिल्यावाचून नष्ट होत नाही, आणि न केलेल्याचे फळ कोणाच्या वाट्याला येत नाही. या दुसऱ्या अंगाच्या भंगाला दर्शनकारांनी अकृताभ्यागम हा दोष म्हटला आणि तो टाळण्यासाठी केवढा खटाटोप केला. पुराणांत आणि महाभारतात बापाचे पाप मुलाला भोवल्याच्या कथा आहेत हे खरे, पण कथा दृष्टांतासाठी असते, सिद्धांत दर्शनाचा. मुलाची अवस्था ही आईच्या पातकाचे फळ म्हणावी तर अकृताभ्यागम होतो; आणि मुलाच्या स्वतःच्या कोणत्या कर्माचे फळ म्हणावी हे सांगायचे तर कर्मविपाकाची गती चित्रविचित्र व दुर्ज्ञेय आहे असे योगभाष्यकारच सांगून बसले आहेत. म्हणजे ज्याच्या हातून तो कारभार चालतो असे मानावे त्याच्याखेरीज इतरांना या दप्तरात हात घालण्याचा अधिकार नाही. एखादी आई पोराला कडेवर घेऊन देवळात येते आणि माझ्या कोणत्या पापाचे हे फळ असे पुराणिकबुवांना विचारते, तेव्हा बुवांनी आपल्याच शास्त्राचा आधार घेऊन, बाई, हे तुमच्या खाती नाही, एवढे आधी स्वच्छ सांगावे, आणि मग तिला नवसाचा नारळ फोडायचाच असेल तर तो खुशाल फोडू द्यावा. खोबरे त्या मुलाला आवडतही असेल.